वावडे आणि त्यावरील उपचार

(ग्रामीण आरोग्य शिबिरात झालेल्या भाषणाचा पाठ)



‘वावडे’ हा शब्द मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. कोणाला वांगे चालत नाही, कोणाला सुकी मासळी सोसत नाही. घरातील वडीलधारी माणसे ही गोष्ट ध्यानात ठेवतात आणि त्या व्यक्तीच्या ताटात तो पदार्थ वाढीत नाहीत. वैद्यकशास्त्राने या प्रकाराला स्वतंत्र नाव दिले ते बऱ्याच उशिरा. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ‘ॲलर्जी’ हा शब्द प्रथम योजिला. इतरांना निरुपद्रवी असलेल्या पदार्थाला एखाद्या शरीराने दिलेला वेगळाच प्रतिसाद, असा त्याचा आशय आहे.

आज हा शब्द खेडोपाडी पोहोचला आहे. मात्र त्यासोबत योग्य उपचाराची माहिती पोहोचली आहे, असे म्हणता येत नाही. सतत शिंका येणारा विद्यार्थी, रात्री धाप लागून उठून बसणारी गृहिणी, चेहऱ्याची व मानेची कातडी जाड होऊन काळवंडलेला शेतकरी ही माणसे प्रत्येक गावात आढळतात. त्यांतील पुष्कळांची अपेक्षा एकच असते: एक इंजेक्शन घ्यावे आणि व्याधी कायमची जावी. ही अपेक्षाच अनेकदा त्यांचे नुकसान करते. मधुमेह किंवा रक्तदाब यांप्रमाणे ॲलर्जीही बहुधा नियंत्रणात ठेवावयाची व्याधी आहे. कारण ओळखणे, ते शक्य तितके दूर ठेवणे आणि योग्य औषध नियमाने घेणे या तीन गोष्टी जुळून आल्या, तर बहुतेक रुग्ण सर्वसामान्य जीवन जगू शकतात. यांपैकी दुसरी गोष्ट पुष्कळदा एकट्या रुग्णाच्या हाती नसते. ती गावाच्या हाती असते. म्हणूनच हा विषय शिक्षकांच्या व पंचायत सदस्यांच्या विचारार्थ येणे आवश्यक आहे.

गाजर गवताने शिकविलेला धडा

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीत आहे. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली ‘पार्थेनियम’ ही वनस्पती पुण्याच्या परिसरात आढळल्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. अमेरिकेतून आयात झालेल्या धान्याबरोबर तिचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गाजरासारख्या पानांमुळे लोकांनी तिला ‘गाजर गवत’ म्हटले. ‘काँग्रेस गवत’ हे नावही रूढ झाले. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात, उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते आणि जनावरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. रस्त्याच्या कडा, रेल्वेमार्ग, पडीक जमिनी, गायराने आणि शाळांची मैदाने या गवताने व्यापली यात नवल नाही.

पुण्याच्या परिसरात या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले आणि १९७०च्या दशकात त्यासंबंधीचे वैद्यकीय अहवाल प्रसिद्ध झाले. पापण्या, चेहरा, मान, कोपरांच्या खोबणी या भागांवर खाज, लाली व स्राव सुरू होतो. पुढे कातडी जाड व काळी पडते. उन्हात गेल्यावर त्रास वाढतो. या गवतातील ‘पार्थेनिन’ नावाचे रसायन त्याला कारणीभूत आहे. ते झाडाच्या बारीक केसांत असते, आणि झाड वाळल्यावर त्याचा भुगा वाऱ्याबरोबर उडतो. गवताला हात न लावताही रोग्याचा त्रास चालू राहतो, तो यामुळे.

या रोगात माणूस सहसा मरत नाही. परंतु शेतकरी स्वतःच्या शेतातून हद्दपार होतो. बांधावर गेले की चेहरा सुजतो, आणि घरी बसावे तर पोट भरत नाही. त्वचेच्या रूपामुळे हा संसर्गजन्य रोग असावा, असा गैरसमज होऊन शेजारीपाजारीही दूर राहू लागतात. वस्तुतः हा रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही. पंचायतीने एवढे एक सत्य जरी गावात सांगितले, तरी रुग्णाचे निम्मे दुःख हलके होईल.

एक शब्द, दोन यंत्रणा

सर्व ॲलर्जींना एकच गोळी का चालत नाही, हे समजण्यासाठी शरीरात काय घडते ते थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल.

पहिला प्रकार तत्काळ प्रतिक्रियेचा. परागकण, घरातील धुळीत राहणारे सूक्ष्म माइट, झुरळांचे अवशेष, बुरशीचे बीजाणू, मधमाशीचे विष, एखादा खाद्यपदार्थ किंवा औषध यांविरुद्ध काही व्यक्तींच्या शरीरात ‘आयजीई’ नावाचे प्रतिपिंड तयार होतात. या प्रतिपिंडाचा शोध १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लागला. तो पदार्थ पुन्हा शरीरात आला, की विशिष्ट पेशींतून हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर पडतात आणि काही मिनिटांत शिंका, नाकातून पाणी, अंगावर गांध्या, धाप ही लक्षणे उमटतात.

दुसरा प्रकार विलंबित प्रतिक्रियेचा. येथे प्रतिपिंडांऐवजी रक्तातील लसिका पेशी काम करतात आणि संपर्कानंतर एक-दोन दिवसांनी त्वचेवर परिणाम दिसतो. गाजर गवत, सिमेंटमधील क्रोमियम, नकली दागिन्यांतील निकेल, केसांचे काळे कलप यांचा त्रास या वर्गात मोडतो. यात हिस्टामीनचा वाटा गौण असल्यामुळे शिंकांवर गुणकारी ठरणारी गोळी गाजर गवताच्या रोगावर फारशी उपयोगी पडत नाही. तिने फार तर रात्रीची झोप लागते. रुग्ण महिनोन्‌महिने तीच गोळी घेत राहतो आणि ‘औषध लागू पडत नाही’ अशी त्याची समजूत होते.

निदान

उपचाराची पहिली पायरी म्हणजे कारण ओळखणे. यासाठी सर्वांत मोलाचे साधन रुग्णाची हकीकत हेच होय. त्रास कोणत्या महिन्यात वाढतो, घरात होतो की शेतात, मळणीच्या वेळी होतो की अंथरूण झटकताना, कोणते औषध घेतल्यावर झाला, या गोष्टी एका वहीत दोन-तीन महिने टिपून ठेवल्या तर वैद्यकीय अधिकाऱ्यांचे काम पुष्कळ सोपे होते.

आवश्यकता वाटल्यास तज्ज्ञ चाचण्या करतात. तत्काळ प्रकारासाठी संशयित पदार्थाचा थेंब हातावर ठेवून सुईने किंचित टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते की नाही ते कळते. विलंबित प्रकारासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तासांनी व त्यानंतर पुन्हा तपासणी करतात. चाचणीत गांधी उठली म्हणजे रोग आहेच, असे मात्र होत नाही. हकीकत आणि चाचणी यांचा मेळ बसला, तरच निदान ग्राह्य धरावयाचे असते. एकाच वेळी शंभर-दीडशे पदार्थांची रक्ततपासणी करून दूध, अंडी, गहू, डाळी सर्व बंद करण्याची यादी रुग्णाच्या हाती देणे, हे लहान मुलांच्या बाबतीत तर कुपोषणाला आमंत्रण ठरते. कोणताही मुख्य अन्नघटक मुलाच्या आहारातून तज्ज्ञांच्या सल्ल्याविना वगळू नये.

कारण दूर ठेवणे

घरातील धुळीच्या माइटचा त्रास असेल तर गाद्या-उशांना दाट विणीचे अभ्रे घालावेत, चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन काढावेत, झाडण्यापूर्वी फडके ओले करून पुसावे. कोकणासारख्या दमट हवेत भिंतींवरील बुरशीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. गळके छप्पर दुरुस्त करणे हा तेथे एक प्रकारचा औषधोपचारच होय. मळणीच्या वेळी वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून उभे राहावे आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखपट्टा वापरावा. चुलीचा धूर व बिडी-सिगारेटचा धूर हे ॲलर्जी निर्माण करणारे पदार्थ नसले, तरी सुजलेल्या श्वासनलिकांना ते अधिक चेतवितात. दम्याचा रुग्ण असलेल्या घरात धूर नसणे ही उपचाराची पूर्वअट आहे.

गाजर गवताच्या रुग्णाने पूर्ण बाह्यांचे कपडे व रुमाल वापरावा, शेतातून आल्यावर साबणाने हातपाय-तोंड धुऊन कपडे बदलावेत आणि ते कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळू नयेत. अशा काही रुग्णांना त्याच कुळातील शेवंती व सूर्यफूल या वनस्पतींचाही त्रास होतो, ही गोष्ट फुलशेती करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

औषधे: कोणते, केव्हा आणि किती

हिस्टामीनविरोधी औषधे १९३०च्या दशकात प्रथम तयार झाली. या संशोधनाशी निगडित असलेले डॅनिएल बोव्हे यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्यांनी झोप येते. वाहन अथवा यंत्र चालविणाऱ्याने आणि परीक्षार्थीने त्या टाळाव्यात. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या नंतरच्या औषधांनी झोप कमी येते. तथापि सेटिरिझिनने काहींना गुंगी येते. शिंका, खाज व गांध्या यांवर ही औषधे उपयुक्त आहेत.

नाक सतत चोंदलेले राहत असेल, तर गोळीपेक्षा नाकात मारावयाचा सौम्य स्टेरॉइडचा फवारा अधिक गुणकारी ठरतो. त्याचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही दिवस, क्वचित दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत गुण नाही म्हणून तो सोडून देऊ नये. फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूस ठेवावे. याउलट, दुकानातून आणलेले नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदू लागते आणि रुग्ण त्या थेंबांचा बांधील होतो. मिठाच्या स्वच्छ कोमट पाण्याने नाक धुणे हा साधा उपायही पुष्कळांना आराम देतो; पाणी मात्र उकळून गार केलेले असावे.

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला सूज असते. साल्ब्युटामॉलचा फवारा श्वासनलिका तात्पुरत्या मोकळ्या करतो, पण सूज उतरवीत नाही. ती उतरविण्यासाठी श्वासावाटे स्टेरॉइड घ्यावे लागते. केवळ मोकळे करणाऱ्या फवाऱ्यावर दम्याचा उपचार करू नये, अशी शिफारस दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनात २०१९ पासून करण्यात आली आहे. ‘पंप लागला म्हणजे शेवटची अवस्था’, ‘पंपाची सवय लागते’ या समजुती निराधार आहेत. फवाऱ्यातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षांश भागात मोजली जाते आणि ती थेट फुप्फुसात पोहोचते. गोळीतील मात्रा मिलिग्रॅममध्ये असते आणि ती सर्व शरीरभर फिरते. लहान मुलांनी व वृद्धांनी फवारा ‘स्पेसर’ या नळकांड्यातून घ्यावा आणि स्टेरॉइडच्या फवाऱ्यानंतर चूळ भरावी. बरे वाटू लागताच औषध बंद करणे, ही दम्याच्या रुग्णांची सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मात्रा कमी करावयाची असेल तर ती डॉक्टरांनी करावी.

त्वचेच्या विलंबित ॲलर्जीत स्टेरॉइडचे मलम मुख्य असते. परंतु कोणत्या भागावर कोणत्या ताकदीचे आणि किती दिवस, हे ठरलेले असावे लागते. चेहऱ्यावर तीव्र मलम दीर्घकाळ लावल्यास कातडी पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, पुरळ उठते. या औषधांचा गैरवापर लक्षात घेऊन केंद्र शासनाने २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येणार नाहीत, अशा वर्गात समाविष्ट केली. गाजर गवताच्या जुनाट रोगात त्वचारोगतज्ज्ञ ॲझाथायोप्रिनसारखे औषध देतात. त्याने अनेक रुग्णांना दीर्घकाळ आराम मिळाला आहे. मात्र ते घेत असता रक्ताची व यकृताची तपासणी ठरावीक काळाने करणे अनिवार्य असते.

प्रवृत्ती बदलण्याचा उपचार

ज्या पदार्थाचे वावडे आहे तोच पदार्थ अत्यल्प मात्रेत देऊन ती हळूहळू वाढवीत न्यावयाची आणि शरीराला त्याची सवय लावावयाची, या पद्धतीचा प्रयोग लंडनमधील लेनर्ड नून यांनी १९११ साली प्रसिद्ध केला. गवताच्या परागांवर केलेल्या त्या प्रयोगातूनच आजची ‘इम्युनोथेरपी’ विकसित झाली. पराग व माइट यांमुळे होणारा नाकाचा त्रास आणि मधमाशीच्या विषाची गंभीर ॲलर्जी यांत ती उपयुक्त आहे. इंजेक्शनांच्या किंवा जिभेखाली ठेवावयाच्या औषधांच्या रूपात ती साधारण तीन ते पाच वर्षे घ्यावी लागते. दमा आटोक्यात नसताना ती सुरू करीत नाहीत. प्रत्येक इंजेक्शननंतर किमान अर्धा तास दवाखान्यात थांबणे आवश्यक असते, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. सबब, हा उपचार प्रशिक्षित तज्ज्ञांकडेच घ्यावा.

काही मिनिटांचा प्रश्न

वावड्याचा एक प्रकार असा आहे की ज्यात विचारविनिमयाला वेळ नसतो. गांधीलमाशी किंवा मधमाशी चावल्यावर, एखादे इंजेक्शन घेतल्यावर अथवा न मानवणारा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांध्या, ओठ-जिभेला सूज, घोगरा आवाज, धाप, उलट्या, चक्कर अशी लक्षणे एकत्र दिसू लागली, तर तो ‘ॲनाफिलॅक्सिस’ असू शकतो. त्यावर पहिले औषध ॲड्रेनालिन हेच होय. मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत दिलेले हे इंजेक्शन प्राण वाचविते. प्रौढाला साधारण अर्धा मिलिलिटर आणि मुलांना वजनाप्रमाणे त्याहून कमी मात्रा देतात. ॲव्हिल किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर टेकून बसवावे. एकाएकी उठवून चालवू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. आराम पडल्यावरही काही तास रुग्णालयात देखरेख आवश्यक असते, कारण लक्षणे पुन्हा उद्भवू शकतात.

आपल्याकडे अंगावर गांध्या उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी लावतात. साध्या गांध्यांना त्याने थंडावा वाटत असेल तर हरकत नाही. परंतु ओठ सुजले, आवाज बदलला किंवा श्वास अडखळला, तर आमसूल शोधण्यात एक मिनिटही दवडू नये.

पेनिसिलिन, सल्फा, वेदनाशामक गोळ्या यांपैकी ज्याचे वावडे एकदा सिद्ध झाले, त्या औषधाचे नाव मराठी व इंग्रजी अक्षरांत चिठ्ठीवर लिहून ती रुग्णाने सदैव जवळ बाळगावी. ‘लाल गोळी चालत नाही’ एवढ्या माहितीवर कोणत्याही डॉक्टराला निर्णय घेता येत नाही.

हमखास उपायांचा मोह

चिकाटीच्या उपचाराचा कंटाळा येतो तेव्हा हमखास उपायाची जाहिरात मनाला भुरळ घालते. दर वर्षी मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबाद येथे जिवंत माशातून दिले जाणारे दम्याचे औषध घेण्यासाठी दूरदूरहून लोक जातात. लोकांच्या श्रद्धेविषयी आदर बाळगूनही, त्या औषधाने दमा बरा होतो असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही, हे सांगणे भाग आहे. तेथे जाणाऱ्यानेही आपला नित्याचा फवारा सोडू नये.

याहून मोठा धोका गावातच असतो. ‘एका सुईत दोन महिने आराम’ देणारे इंजेक्शन बहुधा दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टेरॉइडचे असते. आराम खरा असतो. पण त्याची किंमत नंतर द्यावी लागते. वारंवार घेतल्यास रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो आणि शरीराची स्वतःची संप्रेरके तयार करणारी ग्रंथी मंदावते. नाव नसलेल्या पुड्यांतही अनेकदा हेच औषध मिसळलेले आढळते. त्यांतील स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास जिवाला धोका संभवतो. म्हणून अशा पुड्या महिनोन्‌महिने घेणाऱ्याने त्या परस्पर न सोडता प्रथम वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवाव्यात.

गावाने करावयाचा उपचार

काही ॲलर्जींचा उपचार दवाखान्याबाहेरच होतो, याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात काही ठरावीक दिवशी एकाएकी अनेक लोक दम्याने अत्यवस्थ होऊन रुग्णालयांत येत. अशा २६ साथींची नोंद झाली. तारखा जुळवून पाहता, बंदरात जहाजांतून सोयाबीन उतरविले जाई त्याच दिवशी हे घडत असल्याचे उघड झाले. कोठारावर धूळ अडविणारी गाळणी नव्हती. ती बसविण्यात आली आणि साथी थांबल्या. ज्या राज्यात विदर्भ व मराठवाडा सोयाबीनचे मोठे पीक घेतात, तेथील बाजार समित्यांनी व मळणीयंत्रांच्या मालकांनी या घटनेतून बोध घेण्यासारखा आहे.

गाजर गवताच्या बाबतीत गावाचा वाटा याहूनही मोठा आहे. हे गवत फुलावर येण्यापूर्वी, पावसाने जमीन मऊ असताना मुळासकट उपटावे. त्याचे खड्ड्यात खत करता येते. फुले आल्यावर उपटल्यास बी पसरते. मेक्सिकोहून १९८३ साली बंगळूर येथे आणलेले आणि पुढे सोडण्यात आलेले ‘झायगोग्रामा’ भुंगेरे या गवताची पाने खातात; ते जेथे वसले आहेत तेथे त्यांचे रक्षण करावे. मोकळ्या जागी टाकळ्यासारख्या वनस्पतीचे दाट बी टाकल्यास ती गाजर गवताला डोके वर काढू देत नाही. टाकळ्याची कोवळी भाजी तर घरोघरी आवडीने खाल्ली जाते.

येथे शिक्षकांना व शिबिरप्रमुखांना एक आग्रहाची विनंती आहे. श्रमदानाच्या नावाखाली मुलांकडून उघड्या हातांनी गाजर गवत उपटून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. वारंवार होणाऱ्या संपर्कातूनच या गवताचे वावडे जडते, आणि एकदा जडले की ते बहुधा आयुष्यभर राहते. सद्‌हेतूने योजिलेल्या श्रमदानातून नवे रुग्ण निर्माण होणे हा दुर्दैवी विरोधाभास आहे. हे काम प्रौढांनी, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व नाकावर रुमाल अशा तयारीने करावे. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी त्यात भाग घेऊ नये. हातमोजांचा खर्च ग्रामपंचायतीच्या दृष्टीने किरकोळ आहे. एका माणसाच्या जन्मभराच्या औषधोपचारापुढे तर तो काहीच नाही.

शाळेपुरती आणखी काही पथ्ये सांगता येतील. दमा असलेल्या मुलाचा फवारा मुख्याध्यापकांच्या कुलुपबंद कपाटात न ठेवता मुलाच्या दप्तरात किंवा वर्गशिक्षकांजवळ असावा. वर्ग झाडताना व फळा पुसताना अशा मुलास दूर बसवावे. धाप लागल्यास त्याला ताठ बसवून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात फवारा द्यावा आणि आराम न पडल्यास पालकांची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. रात्रभर खोकून आलेले मूल वर्गात पेंगते, त्याला आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या श्वासाची चौकशी करावी. दमा आटोक्यात असलेले मूल खेळू शकते. त्याला मैदानाबाहेर बसविणे हा उपचार नव्हे.

पंचायत सदस्यांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व उपकेंद्रात तीन प्रश्न विचारावेत. ॲड्रेनालिनचा साठा आहे काय व त्याची मुदत संपलेली तर नाही ना? श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड रुग्णांना नियमित मिळते काय? आणि ते फवारे कसे घ्यावेत हे रुग्णास कोणी प्रत्यक्ष करून दाखविते काय? या प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत मांडली गेली, तर पुष्कळ गोष्टी आपोआप मार्गी लागतील.

ज्याला एखादा पदार्थ सोसत नाही, त्याच्या ताटात तो वाढू नये, ही आपल्या घरांची जुनी रीत. जे वाऱ्याबरोबर येते, मळणीच्या धुळीतून येते, शाळेच्या मैदानावर उगवते, त्याच्या बाबतीत हीच रीत गावाने पाळावयाची आहे. पावसाळ्याचे पहिले काही आठवडे गाजर गवत फुलण्याआधी हाती असतात. ते वाया जाऊ न देण्याचा निर्धार प्रत्येक ग्रामपंचायतीने करावा, एवढीच या प्रसंगी अपेक्षा आहे.